चिऱ्याच्या भिंती आणि वाय-फायचं रोमिंग : पार्श्वभूमी

कोकणात 'रोमिंग' हा शब्द चाकरमान्यांच्या मोबाइलबरोबर आला. मुंबईचं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, वेगळं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. गणपतीला गावात उतरलं की आधी रोमिंगचा मेसेज, मग आरती. तिथे नेटवर्क बदलायचं. वाय-फायने शब्द तोच उचलला, पण इथे नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड तेच राहतात, बदलतो तो फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे घरात जागोजागी लावलेला वाय-फाय फेकणारा डबा. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पॉइंट कधी बदलायचा हे राउटर ठरवत नाही, हातातला फोन ठरवतो. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमपर्यंत (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका खाली तितका सिग्नल कमजोर) उतरेतो आहे त्या पॉइंटलाच धरून राहतो, तोवर दुसरा शोधतही नाही. पडवीत डोक्यावर पॉइंटचा दिवा लुकलुकतोय आणि फोन माजघरातल्याला चिकटलेला, हे त्यामुळेच.

विक्रेते ज्याला 'सीमलेस', म्हणजे न तुटणारं रोमिंग, म्हणतात ते वाय-फायच्या ८०२.११ या मानकाच्या के, आर आणि व्ही या तीन पुरवण्यांवर उभं आहे. के आणि आर २००८ च्या, व्ही २०११ ची. के शेजारच्या पॉइंटांची यादी देते, व्ही 'तिकडे जा' असं सुचवते, आर नव्या पॉइंटवरची ओळखपरेड लवकर उरकते. सुचवते म्हणजे सुचवतेच. फोनने ऐकायलाच हवं असं नाही. शिवाय आर चालू केली की एखादा जुना प्रिंटर जोडून घ्यायलाच तयार होत नाही. खोक्यावर हे छापत नाहीत.

वाय-फाय ज्या लहरींवर चालतं त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा खुला व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. दीड वर्षात टाळेबंदी आली, मुंबई-पुण्याची नोकरी ओटीवर येऊन बसली, आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब, केबल, सगळंच आडवं केलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ. बऱ्याच घरांनी एकापेक्षा जास्त पॉइंटांचा विचार केला तो त्यानंतर, इन्व्हर्टरसकट.

कारण एका राउटरचं जांभ्या दगडापुढे, म्हणजे चिऱ्यापुढे, काही चालत नाही. हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीतून २.४ कसंबसं पलीकडे जातं, ५ माजघरातच दम टाकतं. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा आणखी कठीण. बिनतारी मेशवाले, म्हणजे एकमेकांशी हवेतूनच जोडलेले डबे विकणारे, म्हणतात की वायर नको. पण मेशच्या दोन डब्यांनाही एकमेकांशी त्याच भिंतीतून बोलायचं असतं, आणि २.४ आणि ५ असे दोनच बँड असतील तर डब्यांचं आपसातलं बोलणं आणि फोनचं काम एकाच रेडिओवर येतं. त्यापेक्षा प्रत्येक पॉइंटपर्यंत केबल ओढावी, २.४ ची पॉवर उतरवावी, शेजारच्या पॉइंटांना १, ६, ११ असे वेगळे चॅनल द्यावेत. भोक पाडताना तांबडी धूळ घरभर होते, ती झाडावी. खळ्यापलीकडच्या मांगरात (घरापासून सुट्या खोपटात) मात्र तांब्याची केबल नेऊ नये, फायबर न्यावी. मृगाच्या विजा तांब्यावरून थेट घरातल्या नेटवर्क स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या डब्यापर्यंत, पोचतात.