फ्रीजमधला रोल

निसर्गाचे फोटो काढण्यासाठी फिल्म कोणती घ्यावी, असं विचारलं की बहुतेक जण रंगांपासून सुरुवात करतात. मी आधी आयएसओचा, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा, आकडा बघतो. फोटोतला दाणा, म्हणजे रवाळपणा, बारीक असावा म्हणून तर खरंच, पण फिल्म टिकण्याचा प्रश्नही त्याच आकड्यात दडलेला आहे.

फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटतात आणि चांदीचे मोजके अणू एकत्र येऊन इवलासा पुंजका तयार होतो. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, त्या पुंजक्यावरून अख्ख्या स्फटिकाची चांदी करतो. गंमत अशी, की हेच काम उष्णताही करते, फक्त फार सावकाश. कपाटात पडून राहिलेली फिल्म अंधारातही थोडी थोडी ‘एक्स्पोज’ होत असते. त्यालाच फॉग म्हणतात. जास्त आयएसओच्या फिल्मला तो लवकर धरतो. वातावरणातल्या किरणोत्साराचाही तिच्यावर जास्त परिणाम होतो आणि तो फ्रीझरमध्ये ठेवूनही थांबत नाही.

म्हणून ट्रायपॉड हाताशी असताना आयएसओ 50 किंवा 100. 120 रोल, म्हणजे कागदासोबत गुंडाळलेली रुंद फिल्म, 1901 पासून चालत आला आहे. त्यावरची 6×7 सेंमीची चौकट 35 मिमीच्या साडेचार पट मोठी, पण रोलवर फोटो दहाच. 1990 मध्ये आलेली वेल्विया 50 पहाटेचे रंग भरभरून देते, मात्र स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं) असल्यामुळे उजेड-सावलीतला जेमतेम पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक झेलते. उगवत्या सूर्यासमोर मी एक्टार 100 किंवा पोर्ट्रा 160 लावतो. निगेटिव्ह फिल्म बरंच सांभाळून घेते. लांब एक्स्पोजर द्यायचं असेल तर ॲक्रॉस 2. दोन मिनिटांपर्यंत तिला वेळ वाढवून द्यावी लागत नाही. वेल्वियाला चार सेकंदांपासूनच थोडी भरपाई लागते.

रोल फ्रीजमध्ये, सीलबंद पाकिटासकट. काढल्यावर तासभर बाहेर ठेवायचा; फ्रीझरमधला असेल तर आदल्या रात्रीच काढायचा. थंड फिल्मवर हवेतली वाफ दव धरते आणि 120 च्या रोलला ते फार बाधतं, कारण तिच्या पाठीला आकडे छापलेला कागद चिकटून गुंडाळलेला असतो. एका पहाटे उजेड निघून जाईल या घाईत मी गार रोल फोडला. दोन चौकटी उरल्या म्हणून तो पावसाळी हवेत तीन आठवडे कॅमेऱ्यातच राहिला. धुऊन आल्यावर बघतो, तर ढगांशेजारच्या मोकळ्या आकाशात पुसटसा 7 उमटलेला, भोवती बारीक ठिपके. खडकांमध्ये तो दिसलाही नसता. सपाट आकाशात मात्र लपायला जागाच नाही.

फोटो काढून झाले की घाई खरी तेव्हा हवी. चांदीचे ते पुंजके हळूहळू विरतात, म्हणजे फोटोच फिकट होतो. विमानप्रवासात रोल हातातल्या बॅगेत ठेवून हाताने तपासायची विनंती करावी. सामानाच्या सीटी स्कॅनरमधून कमी आयएसओची फिल्मही सुखरूप सुटेल याची खात्री नाही.

रोल संपला की मी सावलीत पाठ करून उभा राहतो, गुंडाळी सैल पडू न देता टोकाची डिंक लावलेली पट्टी ओली करून घट्ट चिकटवतो. कडेनं उजेड शिरतो तो इथूनच. मग पट्टीवर तारीख लिहितो आणि त्याच आठवड्यात रोल धुवायला देतो.