कमी वजन, कमी आयुष्य : जॉकीच्या पेशाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात रेसकोर्स नाका रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतो. करवीरच्या राजघराण्याचा घोड्यांचा षोकही इथं नव्यानं सांगायला नको. पण ज्याची घोड्यावर मांड पक्की आहे आणि ज्याला त्यावरच पोट भरायचं आहे, त्या पोराला पावसाळ्यात पुणं आणि हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स गाठावं लागतं.

महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ पासूनचा. तिथंच १९७९ मध्ये घोड्यावरून पडून एक जॉकी, म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार, गेला. त्यानं विशीही गाठली नव्हती. असा तरुण मुलगा गेला की चर्चा घोड्याची होते, ट्रॅकची होते, नशिबाची होते. वजनकाट्याकडे मात्र कुणी बघत नाही.

शर्यतीआधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर चढतो. घोड्याला ठरवून दिलेल्या भारापेक्षा वजन कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात, म्हणजे हलक्या पोराची अडचण तिथंच मिटते. खरी पंचाईत जड पोराची. तालमीतला पोरगा थंडाई रिचवून अंग कमावतो, हा मात्र रात्रीचं जेवण सोडतो आणि वाफेच्या खोलीत घाम गाळून दीड-दोन किलो उतरवतो. मग तसाच कोरड्या घशानं साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावरावर बसून ताशी साठ किलोमीटरनं धावतो. शरीरातलं पाणी गेलं की नजर आणि हात मंदावतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आता वादाचा मुद्दा, क्लेमचा. क्लेम म्हणजे नवशिक्या जॉकीच्या घोड्याला वजनात मिळणारी सूट. इंग्लंडात ती ७ पौंडांपासून सुरू होते आणि विजय वाढतील तशी ५, मग ३ होऊन संपते. आपल्याकडंही तत्त्व तेच. सूट नसेल तर अनोळखी पोराला घोडा देणार कोण, असं तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ही सूट घ्यायची तर त्या पोराला तेवढं हलकंही राहावं लागतं, तेही नेमकं अंग भरायच्या वयात. शिवाय क्लेम संपला की कालपर्यंत दार उघडं ठेवणारा ट्रेनर दुसरा क्लेमवाला शोधतो. शिडी म्हणून दिलेली सूट अनेकांना मधल्याच पायरीवर सोडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे दुखणं जुनंच. इंग्लंडात सलग १३ वर्षं अव्वल राहिलेला, पावणेसहा फुटांहून उंच असलेला जॉकी १८८६ मध्ये, वजनासाठी केलेल्या कडक उपासांनंतर तापानं फणफणला आणि त्या अवस्थेत त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय २९.

कायद्यानं मात्र या धंद्याकडे कायम जुगार की कौशल्य याच चष्म्यातून पाहिलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं. बैलगाडी शर्यतीवरची २०१४ ची बंदी, २०२१ ची सशर्त परवानगी आणि २०२३ चा निकाल आपल्या गावोगावी तोंडपाठ आहे. त्या बंदीची झळ रेसकोर्सला लागली नाही. तिथं बोजा पडला तो कराचा : पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी, सप्टेंबर २०२५ पासून ४०. पैजा आटल्या की बक्षिसं आटतात, आणि जॉकीचा वाटा बक्षिसातूनच निघतो. मोठ्या नावाचा जॉकी तेवढ्यातही तगतो. क्लेम नुकताच संपलेल्या पोराला आधीच घोडे कमी, त्यात मिळालेल्या घोड्याचं बक्षीसही कमी.