तोटीखालचा ओघळ

कपात चहा ओतला, टीपॉट सरळ केला आणि शेवटचा ओघळ तोटीच्या खालून घरंगळत थेट टेबलक्लॉथवर. हे कुणाच्या घरी होत नाही सांगा! मी पण बनवणाऱ्याला शिव्या घालायचो, मग रविवारच्या पॉटरी क्लासमध्ये स्वतः चाकावर छोटा टीपॉट करायला बसलो आणि तोंड बंद झालं.

वाटी करायची तर वाटीच करायची असते. टीपॉट म्हणजे पोट, तोटी, झाकण आणि मूठ, चार वेगळ्या वस्तू, आणि त्या चौघांचं एकमेकांशी पटायला हवं.

आधी माती. चिकणमातीचे कण साधारण 2 मायक्रोमीटरपेक्षा बारीक, आणि चपटे, पत्त्यांसारखे. ओल्या मातीत दोन पत्त्यांच्या मधे पाण्याचा पातळ थर असतो. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवून बघा, सरकतात अगदी मस्त पण ओढून वेगळे करताना नाकी नऊ येतात. मातीचं तेच, दाबली की सरकते आणि सोडली की जिथे आहे तिथेच राहते. वाळूला हे जमत नाही म्हणून वाळूचं मडकं नसतं.

चाकावर आपण भिंत वर ओढतो तेव्हा चाक फिरत असतं, त्यामुळे माती नुसती वर जात नाही तर पिळली जात वर जाते. पोटाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण तोटी निमुळती, तिथे हा पीळ जास्त बसतो. गंमत अशी की भट्टीत हा पीळ थोडा हलतो आणि तोटीचं टोक किंचित फिरतं. तुम्ही टोक अगदी लेव्हलमध्ये कापलं असेल तर बाहेर येताना तोंड वाकडं, म्हणून जाणकार लोक कापतानाच ते जरा तिरकं कापतात. मला हे नंतर सांगितलं गेलं, अर्थातच.

मग वाळवणं. पाणी उडालं की पत्ते जवळ येतात, भांडं आकसतं, आणि भट्टीत अजून आकसतं. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती सगळं मिळून साधारण 12 टक्के आकसते. 12 म्हणजे काय फार नाही असं वाटतं ना? पण ते लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे होतं, 0.88 चा घन करा, येतो 0.68. म्हणजे 300 मिलीचा म्हणून केलेला टीपॉट शेवटी 200 मिलीच्या आसपास, दोन पाहुणे आले तर तिसऱ्याने पाणी प्यायचं.

म्हणून पोट, तोटी आणि मूठ सारख्याच ओलीची असताना जोडावी लागतात, माती चामड्यासारखी झाली की, वाकत नाही पण कापता येते अशी. मी पोट आदल्या दिवशी केलेलं आणि मूठ त्याच दिवशी ओली ओली चिकटवली, घाई, दुसरं काय. मूठ जास्त आकसली, पोट आधीच आकसून बसलेलं, सकाळी जोडावर तडा. झाकण मात्र पोटाबरोबरच वाळवलेलं आणि पोटावर ठेवूनच भाजलं, म्हणून ते बसलं तरी.

भट्टीत साधारण 450 ते 600 अंशांच्या मधे मातीच्या रेणूंमध्ये बांधलेलं पाणी निघून जातं, आणि इथून परत फिरता येत नाही, कितीही भिजवा, पुन्हा चिखल होणार नाही. याच टप्प्यात 573 अंशाला मातीतल्या क्वार्ट्झचे (वाळूत असतं ते खनिज) स्फटिक आपली रचना बदलतात आणि एकदम फुगतात, म्हणून भट्टी तिथे हळूहळू न्यायची. पुढे 1200 च्या वर मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि भोकं बुजवतो. भाजलेल्या भांड्यावर बोटाने टिचकी मारली की खणखण वाजतं, बारीक तडा असेल तर आवाज भद्द, कारण तडा कंपनं गिळतो. थापटणं घेऊन कच्चं-पक्कं ठरवणारे गोरोबाकाका आठवलेच.

आता तो ओघळ. जपानमध्ये आइची प्रांतात तोकोनामे नावाचं कुंभारांचं जुनं गाव आहे, तिथली लाल मातीची छोटी किटली, क्यूसू, मूठ तोटीला जवळपास काटकोनात. 1878 मध्ये तिथे चीनमधून जिन शिहेंग यांना बोलावून यीशिंग या तिथल्या टीपॉटसाठी प्रसिद्ध गावाची पद्धत शिकून घेतली, ती चाकाशिवाय, मातीचे तक्ते थापटून जोडायची. तरी तोकोनामेत चाक टिकलं. 1998 मध्ये तिथले कुंभार यामादा जोझान (या नावाचे तिसरे) क्यूसूसाठी जपानचे 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरले. एका किटलीसाठी एवढा मान, मला तरी योग्यच वाटतं.

क्यूसूला बहुतेक वेळा ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, नसतं आणि याचा ओघळाशी संबंध आहे. ग्लेझ वितळून पसरतं आणि तोटीची धार गोल करतं. धार गोल असली की द्रव तिला धरून खालच्या बाजूला वळतो. आपण म्हणतो पृष्ठताण, पण 1957 मध्ये गणितज्ञ जोसेफ केलर यांनी दाखवलं की मुख्य काम हवेच्या दाबाचं आहे, ओठाजवळ द्रवाचा वेग जास्त, तिथे दाब कमी, मग बाहेरची हवा धारेला तोटीवर दाबते. 1999 चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक त्यांना आणि जाँ-मार्क वांडेन-ब्रोक यांना न गळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी मिळालं, हसू नका. 2021 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी अजून खोलात जाऊन सांगितलं की कडेच्या खाली एक थेंब सतत बसलेला असतो, वेग कमी झाला की तो थेंब फुगतो आणि सगळी धार खाली वळवतो. म्हणूनच ओतताना मधे काही नाही, थांबवताना मात्र गळतं. बुडाशी रुंद, तोंडाशी अरुंद आणि टोकाला धारदार तोटी हवी ती यासाठी, आणि हात झटकन वर घ्यायचा.

बरं, क्यूसू कधी विकत घेतलीत आणि तोटीला प्लास्टिकची नळी लावलेली दिसली तर ती काढून टाका, ती वाहतुकीत टोक फुटू नये म्हणून असते. अनेक घरांत ती वर्षानुवर्षं तशीच असते.

माझा दुसरा टीपॉट परवा भट्टीतून आला. झाकणाच्या भोकावर बोट ठेवून ओतून बघितलं, धार जागच्या जागी थांबली, म्हणजे झाकण घट्ट बसलंय, हवा आत जात नाहीये. बोट काढलं, चहा आला. गळतो तो अजूनही, पण एकच थेंब.