'विच' आणि 'टाइप': शेलला काय दिसते, पाथमध्ये काय असते

टर्मिनलमध्ये दिलेल्या कमांडने नेमका कोणता प्रोग्राम चालणार, हे पाहण्यासाठी बहुतेक जण सवयीने 'विच' ही कमांड वापरतात, आणि तिचे उत्तर बहुधा बरोबर निघत असल्यामुळे 'टाइप' या दुसऱ्या कमांडकडे कोणी वळत नाही. दोहोंना विचारलेला प्रश्न एकच वाटला, तरी तो एक नाही.

लिनक्सवर बॅश हा शेल (दिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) वापरताना 'विच' हा सहसा शेलबाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम असतो. 'पाथ' या व्हेरिएबलमध्ये कोलनने विभागलेल्या डिरेक्टरी तो क्रमाने धुंडाळतो आणि त्या नावाची, चालवण्याची परवानगी असलेली पहिली फाइल सापडली की तिचा मार्ग छापतो. शेलच्या पोटात काय आहे, हे त्याला कळत नाही. 'टाइप' शेलचाच भाग असल्याने आधी एलियस (कमांडला दिलेले टोपणनाव), मग फंक्शन (नाव दिलेला कमांडचा संच), मग बिल्टइन (शेलच्या आतच असलेली कमांड) आणि शेवटी पाथ, हा शेलचा स्वतःचा क्रम तो पाळतो. म्हणूनच मजकूर छापणाऱ्या 'एको' कमांडबद्दल विचारले, तर 'विच एको'चे उत्तर '/यूएसआर/बिन/एको' असे येते, तर 'टाइप एको' ते बिल्टइन असल्याचे सांगतो. आणि चालते ते बिल्टइनच.

खरी फसगत होते ती बॅशच्या हॅश टेबलमुळे. एकदा सापडलेल्या प्रोग्रामचा मार्ग बॅश त्या सत्रापुरता लक्षात ठेवतो, म्हणजे दर वेळी सगळा पाथ चाळावा लागत नाही. समजा, '/यूएसआर/बिन'मधला पायथन एकदा चालवला आणि त्यानंतर पाथमध्ये त्याच्या आधी येणाऱ्या '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये नवी आवृत्ती बसवली. 'विच' नवा मार्ग दाखवतो, पण त्याच टर्मिनलमध्ये चालते जुनीच आवृत्ती, आणि माणूस तासभर इन्स्टॉलेशन तपासत बसतो. 'टाइप' मात्र जुना मार्ग 'हॅश्ड' या शेऱ्यासह समोर ठेवतो. 'हॅश -आर' दिल्यावर ती आठवण पुसली जाते आणि शोध नव्याने होतो. (नावात तिरकी रेघ असेल, तर पाथचा संबंधच येत नाही.)

झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये 'विच' स्वतःच बिल्टइन असून एलियस आणि फंक्शनेही दाखवतो. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून नव्या खात्यांना हाच शेल मिळतो, त्यामुळे तिथे लागलेली 'विच'ची सवय लिनक्सच्या सर्व्हरवर नेली, तर उत्तर निमूटपणे अपुरे येते.