पिल्लाची जात काय सांगते?

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘शांत जात कोणती?’ शेजारचे लॅब्रेडोर सुचवतात, मामा बीगल. पण याचं उत्तर जातीकडे फारसं नाहीच. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली एक मोठा अमेरिकी अभ्यास आला. १८ हजारांवर कुत्र्यांच्या वागण्याबद्दल त्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए वाचला होता. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकात जातीचा वाटा निघाला जेमतेम ९ टक्के. माणसाचं ऐकण्याची तयारी जातीनुसार थोडीफार बदलते. कुत्रा किती चटकन चिडेल, याबद्दल मात्र जातीवरून जवळपास काहीच सांगता येत नाही.

शरीराचं तसं नाही. तिथे जात बरंच काही सांगते, आणि आपण नेमकं तेच विचारत नाही.

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो: जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडतो आणि रक्त थंड होतं. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पग या चपट्या नाकाच्या छोट्या कुत्र्याची लाट आली. पगची कवटी आखूड झाली, पण टाळूचा मऊ भाग त्या प्रमाणात आखडला नाही. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुड्याही चिंचोळ्या. ज्याला आपण गोड घोरणं म्हणतो, ती बहुतेकदा अडलेल्या श्वासाची धडपड असते. त्यात मुंबई-कोकणची दमट हवा, म्हणजे ओलावा उडणंही मंदावलेलं. सैबेरियाच्या दाट केसांच्या हस्कीला नागपूरच्या मे महिन्यात आणणं तर मला निव्वळ हौस वाटते. अंगावरचे केस भादरून तो प्रश्न सुटत नाही. उलट उन्हापासूनचं संरक्षण जातं.

लॅब्रेडोर उकाडा त्या मानाने निभावतो, पण त्याची अडचण पोटाची. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली दिसलं, की साधारण चौथा हिस्सा लॅब्रेडोरांत ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात इतरांपेक्षा जास्त भूक लागते. पुढे असंही आढळलं, की हे कुत्रे विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्चतात. जेवणाच्या टेबलाशी केविलवाणा चेहरा करून बसणारा असा लॅब्रेडोर हावरट नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. अशा घरात आजीच्या हातची पोळी आधी मोजावी लागते.

आणि आपला देशी कारवान? कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. आखूड केस, सडपातळ अंग, लांब पाय. ऊन त्याला मानवतं. लष्करानेही तो प्रशिक्षणासाठी घेतला. पण हा नजरेने शिकार हेरून तिच्यामागे सुटणारा कुत्रा; रोज मोकळं धावायला मिळणार नसेल, तर फ्लॅटमध्ये त्याची कोंडी होते.

शांत स्वभावच हवा असेल, तर पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा कुत्रा दत्तक घेणं अधिक भरवशाचं. तो गावठी असला तरी चालेल, त्याचं वागणं समोर दिसतं. घेण्याआधी त्याला एक-दोनदा फिरवून आणा, आणि सांभाळणाऱ्याला विचारा, की जेवताना कुणी जवळ गेलं तर हा काय करतो.