मॅथ्यू फाँटेन मॉरी

मॅथ्यू फाँटेन मॉरी (१८०६–१८७३) हा अमेरिकन नेव्हीतला ऑफिसर, पण त्याचं नाव झालं ते लढाईमुळे नाही, वारे आणि समुद्री प्रवाहांच्या चार्टमुळे. जन्म व्हर्जिनियातला, लहानपण टेनेसीत, १८२५ मध्ये मिडशिपमन म्हणजे शिकाऊ ऑफिसर म्हणून नेव्हीत लागला आणि व्हिन्सेन्स जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणाही करून आला. १८३९ मध्ये ओहायोत घोडागाडी उलटून त्याचा पाय असा मोडला की समुद्रावरची ड्युटी कायमची सुटली.

१८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला नेव्हीचे नकाशे आणि उपकरणं ठेवायच्या डेपोवर नेमलं. तिथे जुन्या जहाजांची लॉगबुकं नुसती पडून होती, त्यात रोज जहाज कुठे होतं, वारा कुठून येत होता, प्रवाह कसा होता सगळं लिहिलेलं, फक्त ते एकत्र करून कोणी बघितलंच नव्हतं. मॉरीने ते महिन्यावार मांडायला घेतलं आणि १८४७ मध्ये पहिला चार्ट काढला. ब्राझीलच्या साओ रोक टोकाजवळचे प्रवाह ओढून नेतील म्हणून जहाजं रिओला जाताना उगाच लांब पूर्वेकडून वळसा घालायची, त्याने नोंदींवरून सांगितलं की एवढं घाबरायचं कारण नाही, सरळ जा, आणि जे तसे गेले त्यांचे कितीतरी दिवस वाचले. चार्ट कॅप्टनांना फुकट मिळायचे, बदल्यात आपल्या सफरीच्या नोंदी पाठवायच्या, म्हणजे जो चार्ट वापरणार त्याच्याच नोंदींनी पुढचा चार्ट सुधारणार. मला तरी त्याच्या सगळ्या कामात हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सगळ्या देशांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात म्हणून १८५३ मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरली तीही त्याच्याच खटपटीने.

पण नोंदी सोडून थिअरी मांडायला गेला की तो चुकायचा, उत्तर ध्रुवाजवळ बर्फ नसलेला मोकळा समुद्र आहे असं तो ठामपणे सांगायचा.

आणि गुलामगिरीचा विषय टाळून त्याच्याबद्दल लिहिणं बरोबर नाही. अमेरिकेतल्या मालकांनी गुलामांसकट ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाऊन वसावं अशी योजना त्याने मांडली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि व्हर्जिनिया देशातून फुटून दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्या राज्यांना मिळालं, तेव्हा राजीनामा देऊन तो त्यांच्या बाजूला गेला, जहाजं उडवायच्या पाणसुरुंगांवर काम केलं, मग इंग्लंडला गेला, दक्षिणेची राज्यं युद्ध हरल्यावर काही काळ मेक्सिकोत बादशाह मॅक्सिमिलियनकडे होता. १८६८ मध्ये परत येऊन व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनच्या मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये फिजिक्सचा प्रोफेसर झाला आणि तिथेच वारला. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडमध्ये १९२९ साली पृथ्वीच्या गोलासकट उभारलेला त्याचा पुतळा २०२० मध्ये काढला.