क्रेट की प्लेपेन? ऑफिसला जाताना पिल्लू नेमकं कशात ठेवायचं

क्रेट म्हणजे दार-कडी असलेला छोटा पिंजरा, प्लेपेन म्हणजे जाळीचे पॅनल जोडून केलेलं, वरून उघडं कुंपण. दोन्ही लोखंडी जाळीचे, दोन्हीत कुत्र्याचं पिल्लू बंद, ऑनलाइन शोधलं की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं की ही एकच वस्तू आहे, फक्त एक छोटी आणि एक मोठी, हॉलमध्ये मावेल ती घ्यायची. मग नवरा-बायको दोघंही नोकरीवाले असलेलं घर छत्तीस इंची क्रेट मागवतं, सकाळी साडेआठला पिल्लू आत, कडी बंद, हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून संध्याकाळी साडेसातला परत, आणि थोड्याच दिवसांत प्रश्न सुरू होतो की अहो आम्ही क्रेट ट्रेनिंग केलं तरी हा आतच शी-शू करतो आणि त्यातच लोळतो, असं कसं? असंच होणार ना. हे क्रेट ट्रेनिंग नाहीच, हे नुसतं कोंडणं झालं.

माझ्या मते याचं उत्तर एका वाक्यात आहे. क्रेट तुम्ही घरी असतानाचा, प्लेपेन तुम्ही घरी नसतानाचं. इयन डनबार नावाचे मूळ ब्रिटिश पण अमेरिकेत काम केलेले पशुवैद्य आणि डॉग ट्रेनर आहेत, पिल्लांच्या ट्रेनिंगमध्ये फार मोठं नाव, त्यांनी ही फोड कधीच करून ठेवलीये की थोड्या वेळासाठी बंद ठेवणं वेगळं आणि बऱ्याच वेळासाठी बंद ठेवणं वेगळं, दोन्हीची जागा वेगळी आणि हेतूही वेगळा. आपल्याकडे त्यातलं पहिलं अर्धं तेवढं पोचलं.

आता क्रेटचं काम कसं चालतं ते बघा. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं, पायावर उभं राहून चालायला लागलं की ते झोपायची जागा सोडून थोडं लांब जाऊन शू करायला लागतं, तोवर आई चाटून सगळं साफ करत असते. झोपतो तिथे घाण करायची नाही ही जी ओढ आहे तेच क्रेटचं सगळं भांडवल. जागा इतकीच की पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल, म्हणजे त्याला ती सगळी जागा अंथरुणच वाटते आणि ते शू धरून ठेवतं. (म्हणूनच लॅब्रॅडॉरचं पिल्लू पुढे मोठं होणार म्हणून बेचाळीस इंची क्रेट घेतलात तर मधलं पार्टिशन लावाच, नाहीतर एका कोपऱ्यात बेडरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात संडास असा फ्लॅट तयार होतो.) पण नुसतं धरून ठेवण्यात काही शिक्षण नाहीये, शिक्षण पुढच्या मिनिटात आहे. ब्लॅडर भरलेलं आहे हे तुम्हाला माहितीये, तुम्ही दार उघडता, उचलून थेट ठरलेल्या जागी नेता, ते तिथे शू करतं, आणि संपल्या संपल्या, एक-दोन सेकंदांत, चिकनचा तुकडा तोंडात. क्रेटमुळे तुम्हाला कळलं की शू कधी होणार, म्हणून तुम्ही बक्षीस घेऊन वेळेवर हजर होतात. बस, एवढंच क्रेट ट्रेनिंग. आता सांगा, तुम्ही ऑफिसात असाल तर दार उघडणार कोण आणि तुकडा देणार कोण?

आणि धरून ठेवायलाही मर्यादा आहे. ढोबळ हिशोब असा करतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, तितके तास, आणि तेही जास्तीत जास्त. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. रात्री झोपेत जरा जास्त निभतं, दिवसा खेळून, पाणी पिऊन उठलं की त्याहून कमी. अकरा तास म्हणजे चेष्टा आहे. चौथ्या-पाचव्या तासाला ते बिचारं रडतं, गोल गोल फिरतं, जमीन हुंगतं आणि शेवटी अंथरुणात करतं, आणि रोज असं झालं की त्याला अंथरुणात करायचं काही वाटेनासं होतं. म्हणजे ज्या एका गोष्टीवर क्रेट चालतो तीच तुम्ही खर्च करून टाकली. त्यानंतर तुम्ही शनिवार-रविवार कितीही मन लावून ट्रेनिंग केलंत तरी क्रेटला त्या कुत्र्यापुरता काही अर्थ उरत नाही.

अशी पिल्लं कधी कधी विकतच येतात हेही सांगून ठेवतो. दुकानातल्या पिंजऱ्यात खाणं, झोपणं, शी सगळं एकाच जागी करून वाढलेलं पिल्लू असेल तर ही ओढ आधीच गेलेली असते. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी पंचेचाळीस दिवसांचं आहे साहेब, घेऊन जा, असं सर्रास चालतं. अशा पिल्लाला क्रेटमध्ये घाण केली म्हणून ओरडण्यात काही हशील नाही, त्याला घड्याळ लावून दर तासाला जागेवर नेणं हाच उपाय.

प्लेपेनचा विचार बरोब्बर उलटा आहे. त्यात आपण आधीच मान्य करतो की मी घरी नाही, तू शू करणारच, फक्त कुठे करायचीस ते मी ठरवतो. बाजारात मिळणारं आठ पॅनलचं, दोन-दोन फुटी पॅनल असलेलं पेन चौकोनी लावलं तर चार बाय चार, सोळा चौरस फूट जागा होते, छत्तीस इंची क्रेट जेमतेम सहा. एका टोकाला अंथरूण, बाजूला न सांडणारं जड भांडं भरून पाणी, चावायला दोन-तीन वस्तू, आणि अगदी विरुद्ध टोकाला संडास. अंथरुणाच्या जागी तोच क्रेट दार उघडं ठेवून लावला तर उत्तम, दोन्ही वस्तू एकत्र वापरायची हीच पद्धत आहे खरं तर. झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ओढ इथेही टिकते, कारण लांब जायला जागा आहे.

संडासाच्या जागी काय टाकायचं यात मात्र घाई करू नका. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला पिल्लाची पायाखालच्या पृष्ठभागाची सवय बसायला लागते, म्हणजे मला कशावर करायचंय हे त्याचं ठरत जातं. रद्दीवर शिकलं तर पुढे सोफ्यावरचा रविवारचा पेपरसुद्धा त्याला संडासच वाटणार. पी पॅड, म्हणजे शू शोषून घेणारे मऊ चौकोनी पॅड, सोयीचे दिसतात, पण दात येणाऱ्या पिल्लाच्या दृष्टीने ते फाडायचं खेळणं, आणि मऊ कापडी पृष्ठभागाची सवय लागली की पायपुसण्याची खैर नाही. पुढे खाली गवतावर न्यायचं असेल तर ट्रेमध्ये कृत्रिम गवत किंवा सरळ कुंडीवाल्याकडून गवताचा तुकडा आणा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे तसंही लागणारच, कारण लसीचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि तोवर सोसायटीच्या गवतात जिथे दहा कुत्री हुंगून गेलीत तिथे पिल्लू सोडणं म्हणजे पार्व्होला, पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराला, आमंत्रण. जग दाखवायला कडेवर घेऊन जरूर फिरवा, कारण हाच काळ माणसांची, आवाजांची ओळख व्हायचा असतो, फक्त जमिनीवर ठेवू नका.

प्लेपेनची कमजोरीही सांगितली पाहिजे. प्लेपेन धरून ठेवायला शिकवत नाही. संडास चार पावलांवर आहे तर कोण कशाला धरून ठेवेल? त्यामुळे वर्क फ्रॉम होम आहे, तुम्ही दिवसभर घरातच आहात आणि तरी पिल्लू दिवसभर पेनमध्ये, असं केलंत तर चार-पाच महिन्यांचं झालं तरी ते लहर येईल तेव्हा मुततं आणि मग लोक म्हणतात की प्लेपेन काही कामाचं नाही. हायब्रिडवाल्यांना म्हणून दोन्ही लागतात. मंगळवार-गुरुवार ऑफिस तर पेन, बाकीचे दिवस घरी तर क्रेटच्या छोट्या छोट्या पाळ्या, अर्धा तास, एक तास, लगेच बाहेर, शू, बक्षीस, मग घरात मोकळं खेळणं, थकलं की परत आत. पिल्लं दिवसात अठरा-वीस तास झोपतात, तेव्हा या पाळ्या तुम्हाला वाटतात तितक्या क्रूर नसतात, बरंचसं ते झोपूनच काढतं.

क्रेटची ओळख करून द्यायलाही घाई नको. दार दोरीने मागे बांधून टाका, हलून अंगावर आपटलं तर पहिल्याच दिवशी भीती बसते. खालच्या ट्रेचा पत्रा खडखडतो, त्यावर जाड गोधडी घाला. जेवणाचं ताट पहिल्यांदा उंबऱ्यावर, मग थोडं आत, मग पार मागच्या भिंतीला. ते आत उभं राहून खाताना शेपटी सैल आहे, मागचे पाय बाहेर अडकवून ठेवलेले नाहीत, असं दिसलं की मग दार नुसतं लोटायचं, खाणं संपायच्या आत उघडायचं. कडीचा आवाज वेगळा शिकवावा लागतो, कडी लावली, तुकडा, उघडली, असं. काही पिल्लांचं दोन दिवसांत होतं आणि काहींचं दोन आठवडे, आणि ऑफिसची सुट्टी सोमवारी संपते हे त्याला माहीत नसतं.

एक फरक मात्र नीट ओळखा. पिल्लू कंटाळून थोडं कुंई कुंई करून झोपतं ती गोष्ट वेगळी आणि एकटं पडल्यावर घाबरून जातं ती वेगळी. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून बघा. जमिनीवर लाळेचं थारोळं, जाळीला नाक घासून घासून सोललेलं, दार कुरतडणं, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे जाताना दिलेलं आवडतं खाणं तसंच पडलेलं आणि तुम्ही दारात पाऊल टाकल्याबरोबर ते त्यावर तुटून पडतं. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये ठेवणं धोक्याचं, दात आणि नखं मोडून घेतात. तिथे क्रेट की प्लेपेन हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि व्हेटशी, वर्तनाचं काम करणाऱ्या माणसाशी बोला.

कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, कलम 11 मध्ये, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहेच, शिवाय कायम बांधून किंवा बंद ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही वेगळा गुन्हा लिहिलेला आहे, म्हणजे जागा मोठी घेतली म्हणून सुटका नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हसावं की रडावं. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला पिंजऱ्यात बंद करून ठेवायलाच परवानगी नाही, आणि तिथेही लोकांची कुत्री व्यवस्थित बाहेर शू करायला शिकतात, तेव्हा क्रेटशिवाय जमतच नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका.

आणि पेन कितीही मोठं घेतलंत तरी मधल्या वेळी माणूस लागतोच. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसात तीन-चार वेळा जेवण लागतं, छोट्या जातीच्या पिल्लांची तर उपाशी राहिलं की साखर उतरते. शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, दुपारी येणारा डॉग वॉकर, कोणीतरी बारा-एकला येऊन जेवण देणार, संडास साफ करणार आणि पंधरा मिनिटं खेळणार अशी सोय नसेल तर मोठं कुत्रं दत्तक घ्या, पिल्लू नको. मावशींना आधीच नीट सांगा की रडत असताना दार का उघडायचं नाही, नाहीतर त्या प्रेमाने उघडतात आणि तुम्ही असताना वेगळे नियम, दुपारचे वेगळे. फिनाइलने लादी पुसली की वास आपल्या नाकाला गेला असं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला नाही, तिथे एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

बजेट एकाचंच असेल तर मी प्लेपेन घ्या म्हणेन, किंवा तेही न घेता किचनच्या पॅसेजला बेबी गेट लावा, वायरी आणि चपला उचलून ठेवा, झालं. क्रेट नंतर गाडीतून न्यायला, व्हेटकडे ॲडमिट करायची वेळ आली तर उपयोगी पडतोच. कशातही ठेवा, पट्टा गळ्यातून काढूनच ठेवा, जाळीत अडकून फास बसतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीपाशी लावू नका, लाइट जाते आणि पंखा बंद पडतो हे धरूनच जागा निवडा, बंद प्लास्टिकचा कॅरियर तर उन्हाळ्यात नकोच. टाइल्सवर पेन सरकतं, पिल्लू ढकलत ढकलत टीव्हीच्या वायरीपर्यंत नेतं, खाली रबरी मॅट टाका आणि एक बाजू भिंतीला बांधा. दोन फुटी उंचीचं पेन तर इंडी, म्हणजे आपलं देशी, पिल्लू चार महिन्यांत टपकन ओलांडतं, बीगल चढून जातं, तेव्हा घेतानाच तीन फुटाच्या खाली घेऊ नका.